अचीव्ह केलं म्हणे

नाही, पण मला सांगा, एका बाईचे एका भिंतीवर किती फोटो असावेत? काही सुमार? वर चर्चमध्ये ग्वादालुपेच्या माउलीची एकच तसबीर, तीही खांबाआड, आणि खाली तळघरात, जिथं आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो, तिथं भिंतभर आमची ब्रिसेदा! ब्रिसेदा गाडीच्या लायसन्ससकट, ब्रिसेदा केकसकट, ब्रिसेदा कानाला फोन लावून... आता फोनवर बोलणाऱ्या बाईचा फोटो काय काढायचा? तर म्हणे तिनं वीज कंपनीशी इंग्रजीत भांडून बिल कमी करून घेतलं, मध्ये कुणाला न घालता. अचीव्ह केलं म्हणे!

आता हे अचीव्ह काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नोएमी उगाच जळते. जळते. पण उगाच नाही.

आमच्या बाई, मिस डोरीन. रिटायर झालेल्या, स्वेटरवर मांजराची पिन, स्वभाव म्हणजे लोणी. चुकलं असं कधी म्हणणारच नाहीत. तुम्ही काहीही बोला, डोकं एका बाजूला करून म्हणणार, 'जवळजवळ बरोबर.' कोंबड्यांच्या कारखान्यातली निम्मी माणसं त्यांच्याकडे शिकून गेली, सगळी जवळजवळ बरोबर बोलतात. तर त्यांची एक पद्धत आहे. भिंतीवर एकच क्रियापद लावायचं, रंगीत कागदाची अक्षरं कापून, आणि ते सगळ्यांच्या हाडात मुरेपर्यंत काढायचं नाही. पानगळीत 'शेअर' होतं. ते सोपं होतं, बिस्किटं वाटली की झालं. थंडी सुरू झाली आणि लागलं 'अचीव्ह'. दर मंगळवारी ज्यानं काही अचीव्ह केलं असेल त्यानं उभं राहायचं, वाक्य बोलायचं, आपण टाळ्या वाजवायच्या, मिस डोरीन फोटो काढणार आणि पुढच्या मंगळवारी तो भिंतीवर.

मला वाटलं, एवढंच ना? उभी राहिले. म्हटलं, मी बस अचीव्ह केली. कारण खरंच धावत जाऊन पकडली होती हो, काखेत पोर, पाठीवर पिशवी! मिस डोरीनचं डोकं एका बाजूला. म्हणाल्या, बस मिळते, नोएमी, ती अचीव्ह नाही करत. बरं. दुसऱ्या मंगळवारी म्हटलं, माझ्या पोरीचा ताप उतरला, मी अचीव्ह केलं. म्हणाल्या, छान झालं, पण ताप आपला आपण उतरतो. मग म्हटलं, रोज सगळ्यांचा स्वयंपाक? म्हणाल्या, ते रोजचं आहे ना. मग मी जरा चिडूनच विचारलं, आणि बाळंतपण? दीड दिवस कळा दिल्या मी. त्यावर त्या बिचाऱ्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, त्याला आमच्याकडे वेगळे शब्द आहेत.

मग नीट समजावलं त्यांनी, अगदी फळ्यावर लिहून. जे मिळवायला खूप दिवस झटावं लागतं, जे कदाचित जमलंही नसतं, आणि तरी आपण जमवलं, ते अचीव्ह. आपोआप झालं ते नाही. नशिबानं मिळालं ते तर नाहीच नाही. मी वहीत उतरवून घेतलं आणि घरी जाताना बसमध्ये विचार करत बसले. म्हणजे बघा, मी जे करते ते रोजचं, आणि माझ्या बाबतीत जे होतं ते नशिबाचं. मधलं काही माझ्याकडे नाहीच की!

आणि ब्रिसेदाकडे? मधलंच सगळं. दर मंगळवारी उठणार, केस मागे टाकणार, 'धिस वीक, आय हॅव अचीव्ह्ड...' आणि तो 'हॅव' असा काही म्हणणार की जणू त्याचाही हप्ता फेडून झालाय. बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणणार, "तुझंही होईल गं, कोमाद्रे."

कोमाद्रे म्हणते कारण माझ्या इत्सेलच्या बाप्तिस्म्याला हीच उभी राहिली होती, पोरीची धर्माची आई. निवडली कुणी? मीच. तेव्हा भिंत नव्हती ना मध्ये.

बरं, फोटो तर फोटो, मी सोडूनही दिलं असतं. पण पोर. मंगळवारी सासूबाईंची जपमाळ असते, नवरा एफ्राइन कारखान्यात, म्हणून इत्सेलला मी वर्गात घेऊन जाते. दोन वर्षांची आहे. आत शिरली की पहिली भिंतीकडे. बोट लावणार आणि म्हणणार, 'नीना!' धर्माच्या आईला आमची पोरं नीना म्हणतात. मग पुढचा फोटो, नीना. पुढचा, नीना. प्रत्येकीला पापी. भिंत संपली की मागे वळून माझ्याकडे बघणार, मग परत भिंतीकडे... शोधत असते हो. आईला शोधत असते, आणि आई भिंतीवर नाही. तेव्हापासून मी ठरवलं, एक. मला जास्त नको. एक फोटो त्या भिंतीवर माझा लागला पाहिजे, पोरीच्या बोटाला पोचेल इतका खाली.

मग आला जानेवारी, तीन राजांचा सण.

त्या दिवशी कापायचा गोड पाव माहीत आहे ना, रोस्का? मोठा गोल, वर सुकामेवा, आणि आत कुठं तरी प्लॅस्टिकचा बोटाएवढा बाळ येशू लपवलेला. ज्याच्या तुकड्यात बाहुला निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले करून घालायचे. सगळ्यांना! मक्याचं पीठ फेटा, मांस शिजवा, एकेक कणसाच्या पानात गुंडाळा, उकडा. म्हणून आमची माणसं रोस्का कशी कापतात ते बघायला पाहिजे. सुरी बाहुल्याला लागली की न दाखवता जरा सरकवायची, जणू तिथं फारच सुकामेवा आहे. आमच्या वर्गातले चेमाकाका तर गेल्या वर्षी बाहुला गालात धरून दीड तास गप्प बसले होते. मिस डोरीनना वाटलं दाढ दुखतेय, त्यांनी गोळी आणून दिली. बिचाऱ्यांनी तीही घेतली.

आता मिस डोरीनना हे ठाऊक नाही. त्यांना एवढंच कळलं की पावात बाहुला असतो आणि तो एकालाच सापडतो. म्हणजे बक्षीस! टाळ्या वाजवून म्हणाल्या, ज्याला सापडेल त्याचा आज फोटो. वर्गातली सगळी माणसं ताटलीकडे बघायला लागली.

ब्रिसेदानं तुकडा घेतला, एक घास खाल्ला आणि चावायची थांबली. मी बघत होते. मी नेहमीच बघत असते तिच्याकडे, आता लपवून काय करू? थांबली, तुकडा जरासा उलटा करून पाहिला आणि एकदम इतकी प्रेमळ झाली की काही विचारू नका. 'इत्सेल, माझ्या राणी, नीनाचा तुकडा खातेस? घे हं, नीनाला भूक नाही.' सगळ्या बायका म्हणाल्या, किती जीव लावते हो पोरीला.

माझं काय आहे, मला भीती वाटते. द्राक्ष मी चार करून देते. बटण सुटलेलं दिसलं तर पोरीचं तोंड उघडून बघते. झोपली की नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघते, मग ती जागी होते, मग मला बरं वाटतं. आणि इथं, प्लॅस्टिकचा बाहुला ज्यात असू शकतो तो पाव माझ्या पोरीच्या हातात? मी झडप घातली. कुस्करला, पार भुगा केला... आणि माझ्या बोटांत तो बाळ येशू, हात वर करून, गुलाबी.

आख्ख्या वर्गानं सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. चेमाकाकांनी तर क्रूस काढला कपाळावर.

मिस डोरीन मात्र टाळ्यांवर टाळ्या. नोएमी, यू अचीव्ह्ड इट! आणि तुम्हाला सांगते, मला सगळं कळत होतं, हा ब्रिसेदाचा डाव, आता मरमर माझी, घरी सासूबाई काय म्हणतील, सगळं. तरी मी हसले. अशी काही हसले की गाल दुखले. एवढ्यात ब्रिसेदा गोड आवाजात म्हणते कशी, "मिस, हे नशिबानं मिळालं. हे अचीव्ह नाही."

बघा. म्हणजे तमालेही माझ्या गळ्यात मारायचे आणि फोटोही नाही लागू द्यायचा.

पण मिस डोरीननी फोटो काढला. पुढच्या मंगळवारी मी पोरीला कडेवरून उतरवून मुद्दाम भिंतीजवळ नेलं. फोटो लागला होता, खाली, पोरीच्या उंचीवर. त्यात काय? बाहुला. मिस डोरीनना तो इतका गोड वाटला होता की त्यांनी अगदी जवळ जाऊन काढला. बाहुला मोठ्ठा, स्वच्छ, आणि त्याला धरलेली माझी दोन बोटं. नखाला साखर. खाली लिहिलेलं, नोएमी. इत्सेलनं बोट लावलं, म्हणाली, 'बाळ.' पापी घेतली बाळाची आणि गेली पुढं, नीना, नीना, नीना. अचीव्ह केलं म्हणे!

म्हटलं ठीक आहे. बोटं तर बोटं. पण दोन फेब्रुवारीला मी तमाले असे करीन, एकटीनं करीन, की मिस डोरीनना उठून म्हणावं लागेल, हे अचीव्ह. झटावं लागतं? लागतं. जमलं नाही असं होऊ शकतं? होऊ शकतं. नशिबाचं आहे? नाही. रोजचं आहे? रोज कोण मरायला करतंय! मी वही काढून तपासलं सगळं. बसत होतं.

ब्रिसेदानं फोन केला, मदतीला येऊ का. म्हटलं नको. तिनं पुन्हा विचारलं. म्हटलं, तुला कामं असतील, फोटोबिटो काढायचे असतील. फोन ठेवला आणि मला दिवसभर कसं हलकं हलकं वाटलं.

सकाळी पीठ फेटलं. चरबी घालून असं फेटलं की पिठाची गोळी पाण्यात टाकली तर वर तरंगली. मिरचीचं वाटण, डुकराचं मांस, सगळं जिथल्या तिथं. सासूबाई, त्यांना दोन्या किका म्हणतात, त्या खुर्चीवर बसून पानं निवडत होत्या आणि मी गुंडाळताना बोलत होते. काय बोलत होते? तेच, जे तुम्हाला सांगतेय. लायसन्स, केक, तो 'हॅव'. एकेक तमाला गुंडाळला की एकेक फोटो आठवायचा आणि मी पान अजून घट्ट आवळायची. पातेल्यात रचले, तळाशी पाण्यात नाणं टाकलं, ते खुळखुळतंय तोवर पाणी आहे असं समजायचं, आणि ठेवलं चुलीवर.

एरवी लागतो तेवढा वेळ गेला. उघडून पाहिलं तर पीठ कच्चं, पानाला चिकटलेलं. पुन्हा झाकलं. पुन्हा उघडलं, कच्चं. जाळ मोठा केला. नाणं खुळखुळतंय, वाफ येतेय, घामानं मी चिंब, आणि तमाले? जसे ठेवले तसे. घड्याळ बघतेय, वर्ग संध्याकाळी, सगळी माणसं उपाशी येणार, आणि मी काय नेणार? मनात वाक्यसुद्धा तयार होतं, 'आय हॅव नॉट अचीव्ह्ड.'

सासूबाईंनी पान खाली ठेवलं. म्हणाल्या, "कुणावर राग धरून गुंडाळलेस?"

म्हटलं, कुणावर नाही.

"पातेलं खोटं बोलत नाही, पोरी."

तुम्ही हसाल, पण आमच्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं, मनात जळफळाट ठेवून केलेले तमाले शिजत नाहीत. चिडलेल्या बाईला आम्ही पिठाजवळ फिरकू देत नाही. आणि झालंच असं, तर उपाय एकच. कणसाच्या पानांच्या पट्ट्या करून पातेल्याच्या कानांना गाठी बांधायच्या आणि पातेल्यासमोर नाचायचं. मी बांधल्या गाठी. नाचलेही, एकटीच, हातात चमचा, इत्सेल टाळ्या वाजवतेय. उघडलं... कच्चं! सासूबाई म्हणाल्या, एकटीनं नाचून काय होतंय, जिच्यावर राग आहे तिला बोलव.

काय नामुष्की, सांगा. दोन दिवसांपूर्वी जिला नको म्हटलं तिलाच फोन करायचा! केला. अजून मनात होतं की म्हणेल वेळ नाही. कुठलं! फोन ठेवते न ठेवते तोच दारात गाडी. येणारच, लायसन्स आहे ना.

तिनं काही विचारलं नाही. पातेल्याच्या कानांच्या गाठी बघितल्या, माझं तोंड बघितलं आणि कोट काढून सरळ नाचायला लागली. मीही नाचले, करते काय? ती इकडून, मी तिकडून, मध्ये वाफ. सासूबाई तोंडानं ताल धरताहेत. मग ती पातेल्याकडेच बघत म्हणाली, "तुकडा मी मुद्दाम दिला. मला तमाले येत नाहीत, कोमाद्रे."

म्हटलं, येत नाहीत म्हणजे? ख्रिसमसला तुझ्याकडे खाल्ले की.

"विकतचे होते. माझे एकदाही शिजले नाहीत."

मी नाचायची थांबले. सासूबाई म्हणाल्या थांबू नका, म्हणून पुन्हा सुरू केलं आणि नाचता नाचता विचारलं, का शिजत नाहीत? तिनं खांदे उडवले. मग हळूहळू म्हणाली, नवरा दुसऱ्या राज्यात कामाला, घरी एकटी, पीठ घेऊन बसलं की तुझं घर डोळ्यांसमोर येतं. समोर पानं निवडणारी सासू, पायात लुडबुडणारी पोर, संध्याकाळी घरी येणारा नवरा... ती फोटो भिंतीवर लावून घेते म्हणे, कारण घरात दाखवायला कुणी नाही. "तुझ्यावर जळत जळत गुंडाळते मी. कसे शिजतील?"

माझ्यावर! ब्रिसेदा! माझ्यावर जळते!

आता तुम्हाला खरं सांगू का? तिचे डोळे भरले होते, मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, नाही असं नाही. पण आधी वाटलं ते दुसरंच. असं गार गार वाटलं छातीत, जसं उन्हातून आल्यावर कुणी लिंबूपाणी हातात द्यावं. मी तिला मिठीच मारली, चमच्यासकट. त्या क्षणी माझ्या मनात तिच्याबद्दल एवढंसुद्धा वाकडं नव्हतं. लायसन्सही चालेल, केकही चालेल, तो 'हॅव'सुद्धा चालेल. सासूबाईंनी झाकण उचललं. पान सोललं तर तमाला सुटा, मऊ, पानाला कणभर चिकटलेला नाही.

संध्याकाळी पातेलं तिच्याच गाडीतून नेलं, गरमागरम. सगळे जमले. मिस डोरीननी मला उभं केलं आणि विचारलं, नोएमी, काय अचीव्ह केलंस? मी वाक्य पाठ करून आले होते, तमाल्यांचं. पण तोंड उघडलं आणि समोर ब्रिसेदा दिसली, इत्सेलला कडेवर घेऊन. आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत भलतंच बोलून गेले. म्हटलं, मी आज अर्धा तास कुणावर जळले नाही.

मला वाटलं चुकलं. मिस डोरीननी डोकं एका बाजूला केलं... आणि परत सरळ केलं. म्हणाल्या, "बरोबर."

जवळजवळ नाही हो! नुसतं बरोबर! टाळ्या काय, चेमाकाका तर उभे राहिले. मिस डोरीननी कॅमेरा काढला, म्हणाल्या, पातेल्याचं झाकण उचल आणि हस. मी झाकण उचललं. हसले.

काल गेले तर फोटो लागला होता. त्यात ब्रिसेदा बाजूला उभी, स्वच्छ, दात मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. आणि पातेल्यामागे वाफ. पांढरा ढग, त्याला खालून दोन हात. मी ब्रिसेदाकडे बघितलं, ती म्हणाली, तुझा फोटो छान आलाय गं. उरलेले तमाले तळून आणले होते, ते वाटायला लागले.

आणि मागून आवाज आला, "आई."

इत्सेल. ब्रिसेदाच्या कडेवरून वाकून तिनं बोट ठेवलं होतं. नीनावर नाही. ढगावर. "आई," म्हणाली आणि त्या वाफेची पापी घेतली. कसं ओळखलंन कोण जाणे. रोज मला असंच बघत असेल, चुलीपुढं. माझ्या हातातली थाळी तशीच राहिली आणि समोरचं सगळं धूसर झालं, तेही वाफेशिवाय.

मिस डोरीन ओरडल्याच. हेच, हेच अचीव्ह, इतके दिवस शोधत होती पोर! आणि खटकन फोटो काढला इत्सेलचा. पुढच्या मंगळवारी लागेल. पोर हसतेय, बोट ढगावर, अगदी सुरेख येणार बघा.

आणि पोर कडेवर कुणाच्या?

जाऊ दे. तमाल्यांचं पातेलं मी धुऊन, पुसून माळ्यावर टाकलंय. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत उतरवायचं नाही. तोवर मला जळायला मोकळीक आहे.